रोजची एक थाप

आमच्या घरात रोज एक थाप मारायची पद्धत आहे. मारायची मी, पकडायची मुलीनं. चार वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही. मागे मला सणकून ताप होता, तरी पांघरुणातून तोंड बाहेर काढून मी म्हणालो, "वटवाघूळ अंडी घालतं," आणि परत झोपलो. पकडली. तापात भांडी घासली.

मी चावीवाला. घराच्या खालीच दुकान. चावी कापायचं मशीन, भिंतभर लटकवलेल्या कोऱ्या चाव्या, आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. स्टुलाचा एक पाय मी मुद्दाम बोटभर तोकडा ठेवलाय. गिऱ्हाईक डुलायला लागलं की त्याला बाहेरची कामं आठवतात.

मुलीला आम्ही चिमटी म्हणतो. पाच वर्षांची असताना ती कुलपातल्या तांदळाएवढ्या पिना चिमट्यानं उचलून ओळीत लावायची, तेव्हापासून. दहाव्या वर्षी सायकलवरून पडली आणि मांडीचं हाड असं मोडलं की दोन ऑपरेशनं, आठ महिने खाटेवर. खाट दुकानाच्या मागच्या खोलीत टाकली आणि मास्तर झालो मी. आता माझं शिक्षण म्हणजे दहावी, तीही मागच्या दारानं. पोरगी दोन दिवसांत कंटाळली. मग तिसऱ्या दिवशी मी भूगोल सांगताना मध्येच एक फेकली. ती ओरडली, "खोटं!" डोळे असे चमकले की मी मनात म्हटलं, सापडली किल्ली.

तेव्हापासून नियम ठरले. रोजच्या अभ्यासात एक गोष्ट चुकीची असणार. तोंडी असेल, पुस्तकात चिकटवलेली असेल, कुठेही. संध्याकाळच्या आत पकडली तर भांडी मी घासायची. सुटली तर दुकानातला पितळेचा भुगा तिनं झाडायचा. आणि शेवटचा नियम: पकडल्यावर नाकारायचं नाही. चार वर्षांत माझे हात साबणानं इतके मऊ झालेत की गिऱ्हाइकं विचारतात, काय लावता?

पाय बरा झाल्यावर ती शाळेत गेली होती बरं का. पहिल्याच दिवशी तास संपताना हात वर करून तिनं विचारलं, "बाई, आजची थाप कोणती होती?" घरी चिठ्ठी आली. बायकोनं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी केलेल्या घाणीवर ती हसली. मग घरीच शिकवायचं ठरलं.

पण आता चिमटी चौदा संपवून पंधराव्यात आली होती. वरच्या इयत्ता. बायको इस्पितळात रक्त तपासते. तिच्या हातून आजवर एका बाटलीचं लेबल चुकलेलं नाही. ती म्हणाली, "अहो, इथवर तुमच्या गमतीजमतीवर निभावलं. यापुढे गमती नाही चालणार. कुठली पुस्तकं, कुठलं साहित्य, कोण काय शिकवणार, सगळं कागदावर पाहिजे. रविवारी अण्णा येतील. त्यांना पटलं तर घरी. नाही पटलं तर सोमवारी शाळेचा फॉर्म."

फॉर्म भरून फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावलेला. सही तेवढी बाकी.

अण्णा म्हणजे माझे सासरे. निवृत्त मुख्याध्यापक, गणिताचे. गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही सर म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात, पण 'हजर नसलेला विद्यार्थी' म्हणावं तशा सुरात.

चिमटी फॉर्मकडे बघून म्हणाली, "बाबा, मला घरीच राहायचंय."

"मग लाग कामाला."

"आणि या आठवड्यात तुम्ही जास्तीची एकही थाप मारायची नाही. रोजची एक, बस."

"एकच. शप्पथ."

सोमवारी एक विक्रेता आला. टाय, घाम आणि मिठाईच्या दुकानात शोभेल असा खोका. आत पुस्तकं, तक्ते, कार्डं, सगळं चकचकीत.

"साहेब, संपूर्ण संच आहे. यात पालकांना काही म्हणजे काहीच करायला लागत नाही."

"मग पालक ठेवायचे कशाला?" चिमटीनं विचारलं.

तो हसला. मग त्याला कळलं की ती हसत नाहीये. ती म्हणाली, "काका, खोका दोन दिवस ठेवून जाल?" ठेवून जाईन म्हणाला आणि त्या स्टुलावरून घाईघाईनं उठला.

मंगळवारी बायकोनं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून दोन पिशव्या आणल्या. वाचनालयातून मी एक गठ्ठा आणला. आणि मग मी माझी अक्कल लावली. दुकानात कुलूप घ्यायला आलेला माणूस नेहमी चकाकी बघतो. मी त्याला म्हणतो, "अहो, वरचा मुलामा काय बघता, आत पिना किती ते विचारा." तसंच इथे केलं. सगळ्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घातली, नाव-गाव-किंमत सगळं झाकलं, पहिली दोन पानंसुद्धा कव्हराच्या घडीत अडकवून टाकली आणि वर नुसते आकडे टाकले. एक, दोन, तीन.

"आता निवडा," म्हटलं. "डोळे मिटून नाही, कव्हर मिटून."

बायकोला हे भयंकर आवडलं. तिच्या प्रयोगशाळेत असंच असतं म्हणे, बाटलीवर नाव नसतं, नंबर असतो. तिनं भिंतीवर मोठा कागद लावला आणि रकाने पाडले: 'का ते सांगतं का', 'करून बघायला लावतं का', 'उत्तरं पटतात का' आणि शेवटी 'जांभई'. जांभईच्या रकान्यात मिनिटं. चिमटी वाचायला बसली की बायको घड्याळ लावायची. लेकीनं तोंड उघडलं की आकडा लिहायची. रक्त तपासणाऱ्या बाईशी लग्न करून बघा म्हणजे कळेल.

चिमटीची पद्धत साधी. प्रत्येक पुस्तकातून तोच एक धडा काढायचा. विज्ञानात तिनं 'दाब' घेतला. एक नंबरात फुगा घेतलेल्या मुलाचं रंगीत चित्र, व्याख्या आणि पाच गाळलेल्या जागा. जांभई: चार मिनिटं. तीन नंबरात पहिलंच वाक्य होतं, 'पेन्सिलीची दोन्ही टोकं दोन बोटांमध्ये धरून दाबा आणि कुठल्या बोटाला जास्त दुखतं ते सांगा.' तिनं दाबलं, माझ्याकडून दाबून घेतलं, आईकडून घेतलं. जांभईचा रकाना रिकामाच राहिला.

कव्हर काढलं तर एक नंबर तो चकचकीत खोका. तीन नंबर म्हणजे जुन्या बाजारातलं, कडा कुरतडलेलं, आत कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग.

इतिहासाला तिनं दोन पुस्तकं घेतली. भूगोलाला नकाशांचं एक जाडजूड. भाषेला वाचनालयाचं कार्ड आणि आठवड्याला एक पत्र, खऱ्या माणसाला, पोस्टानं. रसायनाला आई. बुधवारपर्यंत कागद भरत आला. दोन रात्री मी जेवताना उगाच त्या भिंतीकडे तोंड करून बसलो. माझ्या घराण्यात एवढा मोठा कागद आजवर फक्त पंचनाम्याचा झालाय.

एकच ओळ अडली. गणित. पुस्तकं सहा बघितली, सहाही जांभईत वाहून गेली. आणि 'शिकवणार कोण' या रकान्यात तर काय लिहिणार? मला त्रैराशिकाच्या पुढचं काही आलं तर ते चुकूनच. बायकोची ड्यूटी. ती ओळ कोरी.

गुरुवारी सर स्वतः दुकानात आले. स्टुलावर बसले, डुलले, उभे राहिले. हातात एक जुनं पुस्तक.

"गणितासाठी हेही ठेवा. माझं नाव सांगू नका. पोरीला तिच्या मतानं बघू दे."

"आज्ञा, सर."

कव्हर घालताना मी पहिलं पान बघितलं. खाली बारीक अक्षरात, 'उत्तरसूची' आणि पुढे सरांचं नाव. बावीस वर्षांपूर्वीचं. वाटलं, आत्ताच ओरडून सांगावं. पण खोडकर माणसाला गप्प कधी बसायचं हे कळलं नाही तर तो नुसता वाह्यात. पान कव्हराच्या घडीत अडकवलं, वर सात आकडा टाकला आणि गप्प बसलो.

चिमटीनं सात नंबर उघडलं ते शनिवारी दुपारपर्यंत खाली ठेवलं नाही. जेवायला हाका मारमारून बोलवावं लागलं. आतून फक्त "थांबा!" असा आवाज. एकदा ती खाली दुकानात आली, भिंतीवरच्या चाव्या निरखून बघितल्या, माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि वर गेली. मी म्हटलं, आज मी काय केलं बुवा?

रविवारी सर आले. सरळ पाठीची खुर्ची, खिशाला लाल पेन. बायकोनं चहा ठेवला, तो त्यांनी बाजूला सरकवला आणि भिंतीवरच्या कागदापुढे उभे राहिले. सरांचे 'हं' तीन प्रकारचे. आखूड म्हणजे नापास. लांब म्हणजे बघू. आणि शेवटी वर जाणारा मी ऐकलेला नव्हता.

"हा जांभई काय प्रकार आहे?"

"मिनिटं आहेत, अण्णा," बायको म्हणाली. "तीनदा मोजून सरासरी."

"हं." लांब. "आणि इतिहासाला दोन पुस्तकं कशाला?"

"ती एकमेकांशी भांडतात, आजोबा," चिमटी म्हणाली. "एकानं थाप मारली की दुसरं पकडून देतं."

"हं." अजून लांब. मग पेनाचं टोक त्या कोऱ्या ओळीवर. "गणित?"

"सात नंबर. प्रश्न भारी आहेत. जांभई नाही. एक दुरुस्ती करून घेणार."

"कसली दुरुस्ती?"

चिमटी माझ्याकडे वळली. कमरेवर हात.

"बाबा, शनिवारची थाप पकडली मी, कालच. आणि खरं सांगू? तुमच्या आजवरच्या थापांत एवढी भिकार थाप नव्हती. निदान कुलपाचं तरी सोडायचं! तुम्ही चावीवाले, तुम्हाला शोभतं का?"

"कुठली गं?"

तिनं पुस्तक उघडून वाचलं. "'एका कुलपाच्या चावीला पाच खाचा असतात. प्रत्येक खाच उथळ ते खोल अशा सहा मापांपैकी कोणत्याही एका खोलीची असू शकते. अशा एकूण किती वेगवेगळ्या चाव्या बनतील?' आणि मागे उत्तर काय? सातशे वीस! म्हणजे सहा गुणिले पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन. म्हणजे एकदा वापरलेली खोली पुन्हा वापरायचीच नाही. अहो, आपल्या घराच्या चावीला दोन खाचा सारख्या आहेत! उत्तर सहाचा पाचवा घात. सात हजार सातशे शहात्तर. शेंबडं पोर पकडेल हो ही थाप!"

मी सरांकडे बघितलं. सरांचे कान लाल झाले होते. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी फ्रिजवरच्या फॉर्मकडे.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? सासरा, मुख्याध्यापक, बावीस वर्षांचं छापील उत्तर आणि समोर नात म्हणते शेंबडं पोर. मी दोन्ही हात वर केले.

"पकडलंस बाई. माझीच थाप. भांडी माझ्याकडे."

चिमटीचं तोंड उघडं राहिलं. तिनं पुस्तक उजेडाकडे धरलं. नखानं तो आकडा खरवडला. पान उलटून पाठ बघितली, नाकाशी नेऊन वास घेतला.

"नाही," ती हळूच म्हणाली. "मला काल हे बघायचं सुचलंच नाही. कुलूप दिसलं आणि वाटलं, बाबाच. पण तुम्ही चिकटवता तेव्हा कड लागते हाताला. डिंकाचा वास येतो. हे छापलेलंच आहे." मग माझ्यावर बोट रोखलं. "आजची थाप ही आहे. 'माझीच थाप' ही थाप आहे! पकडलं!"

पकडल्यावर नाकारायचं नाही. नियम माझाच. मी मान खाली घातली.

बायकोनं गॅसवर पुन्हा चहा ठेवला. सर खुर्चीत बसले. लाल पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

"उत्तर माझं आहे," ते म्हणाले. "उत्तरसूची मी केली होती."

चिमटीचा चेहरा पांढरा पडला. "आजोबा, मला माहीत नव्हतं, मी शेंबडं..."

"थांब. चावी आण."

तिनं खुंटीवरची घराची चावी आणली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ती चावी डोळ्यांजवळ नेली. दुसरी आणि चौथी खाच, हुबेहूब एका मापाची. ही चावी त्यांच्याकडेही आहे, पंधरा वर्षं ते तिनं आमचं दार उघडतात.

"बावीस वर्षं," सर म्हणाले. "पोरांनी सातशे वीस लिहिलं आणि मी बरोबरची खूण केली. एका मुलीनं विचारलं होतं एकदा. उभी राहून. म्हणाली, सर, दोन खाचा सारख्या असल्या तर? मी म्हणालो, मागचं उत्तर बघ आणि खाली बस." चावी टेबलावर ठेवली. "ती बसली."

बायकोनं गॅस बंद केला. सरांसारखा माणूस चूक कबूल करतो तेव्हा आपण कुठे बघायचं असतं, हे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.

शेवटी चिमटीच बोलली. आवाज बारीक, पण बोलली. "आजोबा, तसं माझं उत्तरही पूर्ण बरोबर नाहीये."

"म्हणजे?"

"पुस्तकाच्या हिशोबानं बरोबर. पण दुकानात तेवढ्या चाव्या बनत नाहीत. बाबा, सांगा ना."

माझी पाळी! सरांसमोर! मी घसा साफ केला. "असं आहे सर, पाचही खाचा एकाच खोलीच्या नाही चालत. ती चावी नाही, पट्टी झाली. कुणीही पत्र्याचा तुकडा घालून उघडेल. आणि सगळ्यात उथळ खाचेच्या शेजारी सगळ्यात खोल खाच घेता येत नाही. मधे कडा तयार होतो, चावी आत गेली तर बाहेर येत नाही. हे दोन प्रकार वगळायचे."

सरांनी चष्मा खाली घेतला. माझ्याकडे बघितलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा माझी हजेरी लागली.

"मग खऱ्या चाव्या किती?"

"ते कुणी मोजलंय?" मी म्हटलं.

"कागद," सर म्हणाले.

आजोबा-नात टेबलावर वाकले ते दीड तास. एक खाच, मग दोन, मग तीन. चौतीस, एकशे चौऱ्याण्णव, अकराशे सहा. तिसऱ्या पायरीला सर चुकले. चिमटी म्हणाली, "आजोबा, ही आजची तुमची थाप का?" सर म्हणाले, "नाही गं, ही साधी चूक." आणि हसले. मी त्यांचे दात पहिल्यांदा मोजले. चहा दोनदा गार झाला. शेवटी सहा हजार तीनशे सहा, त्यातून सारख्या खाचांच्या सहा पट्ट्या वजा.

"सहा हजार तीनशे," चिमटी म्हणाली.

"सहा हजार तीनशे," सर म्हणाले. मग 'हं' म्हणाले. शेवटी वर जाणारा.

त्यांनी लाल पेनानं पुस्तकातलं सातशे वीस खोडलं, वर सात हजार सातशे शहात्तर लिहिलं, समासात नातीकडून सही घेतली. मग भिंतीपाशी गेले आणि गणिताच्या कोऱ्या रकान्यात, 'शिकवणार कोण' खाली, त्यांच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: आजोबा. मंगळवार आणि शुक्रवार.

"अण्णा, आणि फॉर्म?" बायकोनं विचारलं.

"पाठीमागून कोरा आहे ना? दे इकडे. आकडेमोडीला कागद कमी पडला."

चिमटीनं उडी मारली ती मोडलेल्याच पायावर. बायको स्वयंपाकघरात गेली आणि कांदा नसताना डोळे पुसून आली.

पहिल्या मंगळवारी सर वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर. वर जाताजाता मला दुकानात गाठून हळूच म्हणाले, "जावईबापू, नियम मलाही लागू का?"

"सगळ्यांना, सर."

"मग आज मी एक मारणार आहे. अशी मारणार आहे की बघाच."

अकरा मिनिटांत पकडली. वर गेलो तर मुख्याध्यापक मोरीपाशी उभे, बाह्या कोपरापर्यंत, हातात कढई.

"घासणी कुठली घ्यायची?" त्यांनी मला विचारलं.

"हिरवी, सर," मी म्हणालो. "बाकी हळूहळू येईल."

दुकानावर मी आता एक पाटी लावली आहे: 'या जातीच्या कुलपाच्या ६३०० चाव्या होतात.' गिऱ्हाईक वाचतं आणि हटकून विचारतं, कुणी मोजल्या हो? मग मी त्याला बसायला चांगलं स्टूल देतो. चारही पाय सारखे असलेलं. एवढ्याचसाठी नवीन आणलंय.